चतुःसीमा

मी राहते ती टॉलिव्हर काउंटी
एक जानेवारीला तिसऱ्या अपील-जिल्ह्यातून चौथ्यात गेली.
कुणाची चूल हलली नाही, कुणाचं कुत्रं भुंकलं नाही.
पेपरात पाचव्या पानावर बातमी होती,
मक्याच्या भावांखाली, चार ओळी.

मी अजून तिसऱ्याच्याच कोर्टात नोकरीला,
नदीकाठच्या दगडी इमारतीत, तळघरात.
तीनशे बारा खोकी जायची आहेत.
वर्ना हॉल्क्विस्ट लोण्याच्या सुरीनं
जुना आकडा खरवडते, मी नवा चिकटवते.
डिंक निघत नाही पुरता.
चाराच्या पोटातून तीन दिसत राहतो.
"एकतीस वर्षं," वर्ना म्हणते, आणि पुढे काहीच म्हणत नाही.

राजधानीतून आलेला नकाशा भिंतीवर आहे.
माणसं सारखी वाटायची होती म्हणे, दर जिल्ह्यात तेवढीच.
रेघ नदीनं चालत येते शहाण्यासारखी,
मग आमच्यापाशी एकदम वळते,
लाटताना पोळीला शेपूट फुटावं तशी.

माझे वडील कराडला मोजणी खात्यात होते.
साखळी, खुंट्या, छत्री, आणि दोन्हीकडून शिव्या.
दगड हलवला तर दगड हलतो, शीव हलत नाही, म्हणायचे.
मग फेरमोजणीची फी भरून घ्यायचे.
बांध कोरणारा माणूस त्यांना लांबून ओळखू यायचा:
रोज टिचभर, नांगराच्या फाळानं, बोलत बोलत.
इथं नांगर नाही. इथं तर मतदान झालं.

आज सकाळी डेल ओस्टरमनचा फोन.
वरच्या शेतातल्या शेजाऱ्यानं जमिनीखाली नळ घातले,
त्याचं पाणी डेलच्या सोयाबीनमध्ये उभं राहतं.
खालच्या कोर्टात डेल जिंकला, डिसेंबरच्या सात तारखेला.
तिसऱ्या जिल्ह्याचा जुना निवाडा होता पाठीशी:
नळ ज्यानं घातला त्यानं भरावं.
चौथ्याचं वाचन वेगळं:
पाणी उताराला जाणारच, खालच्यानं सोसावं.
कायदा एकच, कलम तेच,
नदीच्या अलीकडे एक अर्थ, पलीकडे दुसरा.

शेजाऱ्याच्या वकिलाला तीस दिवस होते.
त्यानं काहीच केलं नाही.
नाताळ जाऊ दिला.
दोन जानेवारीला, सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी,
अपील दाखल केलं.

"म्हणजे मी जिंकलोय की नाही?" डेल विचारतो.
माझ्या फोनशेजारी एक वाक्य डकवलेलं आहे,
"आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही."
मी ते वाचून दाखवते. माझाच आवाज मला गुळगुळीत वाटतो.
"पाणी तर तेच आहे ना?"
यावर डकवलेलं काही नाही.

दुपारी तो स्वतःच आला, बुटांना चिखल.
शेताचे फोटो आणले होते किराण्याच्या पिशवीत.
मी सांगितलं, आता इथं नाही.
त्यानं इमारतीकडे असं पाहिलं
की दार आतून लावून घेतल्यासारखं वाटलं मला,
आणि मी दारातच तर उभी होते.

वर्ना खोक्यांआड खोकली.

मी एक पाकीट उलटं केलं.
पेन्सिलनं रस्ता काढला: पूर्वेस नदी,
पश्चिमेस बंद पडलेला धान्याचा उंच कोठार,
तिथून डावीकडे, मग सरळ, ब्याण्णव मैल.
दक्षिणेला पेट्रोलपंप, तिथली कॉफी बरी असते.
उत्तर कुठे ते बाणानं दाखवलं,
वडील दाखवायचे तसं, कोपऱ्यात, छोटंसं.
नकाशा काढून देणं म्हणजे सल्ला नव्हे,
असं मी ठरवलं.

त्यानं पाकीट उजेडाकडे धरलं.
"हे अंतर," तो म्हणाला, "आधी किती होतं?"
अकरा मैल, मी म्हटलं.
तो मान हलवत राहिला, बराच वेळ.
मग फोटोंची पिशवी काखोटीला मारून
त्याच चिखलाच्या बुटांनी पायऱ्या उतरला.